मुक्या मारानंतर उडणारी गाठ

दात घट्ट आवळा आणि गालाच्या मागच्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्यावर हात ठेवा. एक जाड स्नायू टणक होऊन वर येतो. त्या स्नायूची पुढची कड खालच्या जबड्याच्या हाडाशी जिथं मिळते, तिथं बोटाचं टोक हलकेच ठेवा आणि थोडं थांबा. ठोका लागतो. ती फेशियल धमनी. मानेतून वर येते, जबड्याची कड ओलांडते, ओठांच्या कोपऱ्याशेजारून, नाकाच्या कडेनं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जाते. सरळ मात्र जात नाही, वळणं घेत जाते. हसताना, जांभई देताना, घास घेताना गाल ताणला जातो आणि तेवढं तिलाही लांबावं लागतं, म्हणून ही वळणं. दुसरा ठोका कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, त्याच्या किंचित पुढे लागतो. ती टेम्पोरल धमनी, कानशिलावरून कपाळाकडे आणि डोक्याकडे जाणारी. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ डोक्याशी बसलेले असले की त्यांचं बोट बऱ्याचदा याच जागी असतं.

तिसरी धमनी बोटाला लागतच नाही. मॅक्सिलरी धमनी. जबड्याच्या सांध्याखाली हाडाची जी मान असते, तिच्या मागून ती आत वळते आणि खोल शिरते. वरचा जबडा, टाळू, नाकाचा आतला भाग, दातांची मुळं, इतकंच काय, मेंदूच्या आवरणालाही तिचीच फांदी जाते. या तिघी आणि त्यांच्या बहिणी मिळून आठ शाखा, मानेतल्या बाहेरच्या कॅरोटिड धमनीच्या. चेहऱ्याला रक्त पुरवायचं काम बहुतेक त्यांचंच.

मी तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. कोल्हापुरात आम्हाला अजूनही 'दाताचे डॉक्टर' म्हणूनच ओळखतात आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही, कारण दात दाखवायला आलेला माणूस बोलता बोलता गालावरची जुनी जखमही दाखवतो. मार लागलेले चेहरे बघण्यात उमेदीची वर्षं गेल्यावर एक गोष्ट मात्र मला तळमळीनं सांगावीशी वाटते. टाके घातले, सूज उतरली, माणूस घरी जाऊन भाकरी खायला लागला, म्हणजे धमनीचा प्रश्न सुटला असं नसतं. ती कधी कधी दोन-तीन आठवडे गप्प बसते आणि मग बोलते.

आमच्या भागात चेहऱ्याला मार कुठं कुठं लागतो ते बघा. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोली, कागलवरून जातो, तिथले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. पण माझ्याकडे येणारे बरेच जण गावाकडच्या रस्त्यांवर पडलेले असतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, मागं ना दिवा ना चमकणारी पट्टी. अंधारात मोटारसायकल थेट त्यात शिरते आणि पुढे असतो तो चेहरा. हेल्मेट घरात खुंटीला. याबद्दल मी आयुष्यभर भांडत राहीन. ट्रॉलीला मागं लावायच्या लाल पट्टीची किंमत ती काय, आणि त्या अभावी एखाद्या पोराच्या चेहऱ्याचा पार चुरा होतो.

बाकीचे मार या मातीतलेच. तालमीच्या हौद्यात डोक्याला डोकं लागतं. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेच्या संघांचे सामने रंगात आले की हेडर घेताना कोपर गालावर बसतं. सीझन बॉल कानशिलावर आदळतो. धार काढताना म्हैस मान झटकते. इचलकरंजीत अजूनही धोट्याचे माग चालतात, आणि मागावरून सुटलेला धोटा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला, कामगाराच्या तोंडावर येतो. त्यातले बहुतेक मार मुके. कातडी फाटलेली नसते किंवा जराशीच फाटलेली असते. घरचे म्हणतात, "टेंगूळच आलंय, बसंल हळूहळू." बहुतेक वेळा ते बसतंही. आणि म्हणूनच न बसणारं टेंगूळ ओळखणं अवघड जातं.

एका तरुण मल्लाला त्याचे वस्ताद घेऊन आले होते. मानेपर्यंत उतरलेला घाम, चिरडलेले कान, हातात नारळ आणि दुधाची किटली. वस्तादांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "डॉक्टर, पोराच्या कानशिलावरचं टेंगूळ बसंना झालंय. जोडीदाराचं डोकं लागलं हुतं. हळद लावली, शेक दिला. आता पू धरलाय म्हणत्यात. जरा चिरा मारून घ्या." पोरगा म्हणत होता, दुखत नाही, पण रात्री त्या कुशीवर झोपलं की उशीत ठक ठक आवाज येतो.

गाठ बोराएवढी, केस संपतात त्या रेषेच्या जरा पुढे. वरची कातडी नेहमीच्या रंगाची, गरम नाही, लाल नाही. पू असता तर कातडी तापलेली असती आणि पोरगा हात लावू देता ना. मी नुसतं बोट ठेवलं. बोट वर उचललं जात होतं. नुसतं वर नाही, चहूबाजूंना. मग मी त्याच्या कानापुढे, धमनी जिथं हाडावरून वर येते तिथं, दुसऱ्या हाताच्या बोटानं दाब दिला. गाठ मऊ पडली आणि उडायची थांबली. दाब काढला, पुन्हा सुरू.

"वस्ताद, तुम्हीच बोट ठेवा," मी म्हटलं.

आयुष्यभर पोरांच्या अंगाला मालीश करून शरीर ओळखणारा तो माणूस. त्यांनी दोन बोटं ठेवली, डोळे बारीक केले आणि झटक्यात हात मागं घेतला. "अगागा! ह्यात तर नाडी हाय की!"

त्या गाठीत रक्त होतं, आणि ते थेट धमनीतून भरत होतं. कानशिलावर, कपाळाच्या कडेला, धमनीच्या खाली स्नायूची गादी संपते आणि वर पातळ कातडी असते. मार बसला की धमनी हाड आणि चेंडू, हाड आणि दुसऱ्याचं डोकं यांच्यात चेंगरते. पूर्ण तुटली तर बरं, असं मी म्हटलं तर विचित्र वाटेल, पण खरं आहे. पूर्ण तुटलेली धमनी आकसून घेते, दोन्ही टोकं आत ओढली जातात आणि पुष्कळदा रक्त आपोआप थांबतं. अर्धवट फाटली की तिला आकसता येत नाही, फट उघडीच राहते. उसाच्या रानात पाटाच्या बांधाला भगदाड पडलं की पाणी शेजारच्या सरीत साचतं आणि पाटाला पाणी सोडलं की दर वेळी तिथंच शिरतं, तसं रक्त बाजूच्या पेशींमध्ये साचतं. आधी गुठळी होते. काही दिवसांनी गुठळीचा मधला भाग विरघळतो आणि धमनीला जोडलेली पोकळी तयार होते. तिच्या भिंतीला धमनीचे तीन थर नसतात, असतं फक्त आजूबाजूचं तंतुमय आवरण. म्हणून तिला स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा खोटा फुगा, म्हणतात. हे सगळं घडायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मार लागल्याचं घरचेही विसरलेले असतात, आणि गाठ दाखवताना ती गोष्ट सांगायची कुणाला सुचत नाही. चरबीची गाठ, केसतोड, पू, काहीही समजून कुणी तिच्यात सुई किंवा पातं घातलं की रक्ताची चिळकांडी उडते, आणि ती छोट्या दवाखान्यात, हाताशी काही नसताना.

वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या डॉप्लरवर पोकळीत गरगरणारं रक्त लाल-निळं दिसलं आणि शंका उरली नाही. उपाय सोपा होता. जागेपुरती भूल, केसांच्या कडेनं छोटा छेद, गाठीच्या अलीकडे आणि पलीकडे धमनीला दोरा बांधायचा आणि गाठ काढून टाकायची. पलीकडे बांधायचं विसरून चालत नाही. डोक्याच्या कातडीत रक्ताचे इतके रस्ते आहेत की अलीकडून बंद केलं तर पलीकडून भरतं. जपायचं ते भुवई उचलणाऱ्या मज्जातंतूला, तो त्याच भागातून जातो. भुवई खाली लटकलेला मल्ल मला बघायचा नव्हता. काही जण अशा गाठीत सोनोग्राफीच्या मदतीनं थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देऊन रक्त गोठवतात, तोही मार्ग आहे. माझा कल मात्र कानशिलावर दोऱ्याकडेच. धमनी तिथं वरच असते, डोळ्यांसमोर असते, आणि बांधलेली गाठ मला दिसते.

हे झालं नंतरचं. पहिल्या तासात काय होतं, तेही बोलायला हवं, कारण तिथं जीव जातात. आणि चेहऱ्याच्या जखमेत माणूस रक्त वाहून जाण्याआधी श्वास कोंडून जातो. बाहेर वाहणारं रक्त सगळ्यांना दिसतं, त्याला फडकं लावायला दहा हात पुढे येतात. घशात उतरणारं रक्त कुणालाच दिसत नाही. जबडा तुटलेला असतो, जीभ मागं पडते, दाताचे तुकडे, गुठळ्या, आणि आपले लोक मायेनं त्याला उताणं झोपवतात, कुणीतरी पाणी पाजायला बघतं. शुद्धीत असलेला माणूस स्वतःहून उठून बसायला धडपडत असेल तर त्याला दाबून झोपवू नका. मान-पाठीला मार नसेल तर त्याला बसू द्या, पुढे वाकू द्या, रक्त तोंडातून बाहेर गळू द्या. मानेची शंका असेल, शुद्ध हरपली असेल, तर मान आणि अंग एका रेषेत धरून, तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवायचं. १०८ ची गाडी येईपर्यंत एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

गिळलेलं रक्त फसवतं. जमिनीवर थोडंच सांडलेलं दिसतं, माणूस बोलतोय म्हणून सगळे निश्चिंत, आणि मग एकदम काळ्या-लाल रक्ताची मोठी उलटी होते. त्याआधीच नाडी धावायला लागलेली असते, हातपाय गार पडलेले असतात. लहान पोरांत तर हे फारच लवकर होतं.

ओठ फाटला की लोक घाबरतात, पण ओठ हा सगळ्यात समजूतदार. ओठातली धमनी उजवीकडून येते, डावीकडून येते आणि मधे एकमेकींना मिळते, म्हणून फाटलेल्या ओठाच्या दोन्ही कडा उडतात. अंगठा आत, बोट बाहेर, आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ठेवलं की थांबतं. गालाचंही तसंच. खोल जखमेत रक्त दिसतंय म्हणून चिमटे अंदाजानं घुसवत राहणं मला मान्य नाही. चेहऱ्यावर धमनीच्या शेजारून हसण्याचे, डोळा मिटण्याचे मज्जातंतू जातात, लाळेची नळी जाते. चिमट्यात काय सापडलं ते नंतर कळून उपयोग नसतो. आधी दाब, मग नीट उजेड, मग सक्शन, मग चिमटा.

खरा कस लागतो तो मधल्या चेहऱ्याच्या अस्थिभंगात. रेने ल फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकानं मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून हाडं कोणत्या रेषांवर तुटतात हे शोधलं आणि १९०१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्या नावाचे तीन प्रकार आम्ही आजही रोज उच्चारतो. पहिल्यात दातांची वरची कमान टाळूसकट सुटते, दुसऱ्यात नाकासह मधला त्रिकोण, तिसऱ्यात आख्खा चेहराच कवटीपासून सुटा होतो. टाळूकडे उतरणारी, नाकात शिरणारी मॅक्सिलरीच्या फांद्यांची टोकं या रेषांवर फाटतात. नाकातून धार, घशातून धार, आणि बोट ठेवायला जागा नाही.

अशा वेळी श्वासाची नळी घशात घालणं हेच पहिलं काम, आणि ते रक्तानं भरलेल्या तोंडात करायचं असतं. जमलं नाही तर मानेतून रस्ता करावा लागतो. नळी पक्की झाली की मग रक्त. नाकातून लघवीची नळी, म्हणजे फोली कॅथेटर, मागं घशापर्यंत सरकवतात, तिचा फुगा सलाईननं फुगवून पुढे ओढतात आणि पुढच्या नाकात पट्टी भरतात. लघवीची नळी नाकात बघून नातेवाईक हबकतात, पण या साध्या नळीनं वाचवलेली माणसं मी पाहिली आहेत. कवटीचा तळ तुटल्याची शंका असेल तर मात्र नळी घालताना फार जपावं लागतं, चुकीच्या दिशेनं ती मेंदूकडे जाऊ शकते. आणि पुष्कळदा काम होतं ते सगळ्यात जुन्या उपायानं: हललेला जबडा दोन्ही हातांनी धरून जागेवर बसवायचा आणि तारांनी बांधायचा. हाड जागेवर आलं की हाडाच्या कडांमध्ये फाटलेल्या शिरा दाबल्या जातात आणि धार कमी होते. कधी कधी ते डोळ्यांदेखत घडतं आणि ऑपरेशन थिएटरमधल्या सगळ्यांचे खांदे खाली येतात.

ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं स्वस्त इंजेक्शनही याच तासाचं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या चाचणीत ४० देशांतले २०,००० हून अधिक जखमी होते. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात, त्यानंतर दिल्यानं फायदा उरत नाही, हे त्यातून पुढे आलं. १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. गगनबावड्याहून, आजऱ्याहून कोल्हापूर गाठेपर्यंत या तीन तासांतला किती वेळ रस्त्यातच जातो, याचा विचार करून मला नेहमी वाटतं, हे इंजेक्शन पहिल्या दवाखान्यातच द्यायला हवं. चिठ्ठीवर दिल्याची वेळ लिहून पाठवलेला रुग्ण आला की त्या डॉक्टरांना मी आवर्जून फोन करून आभार मानतो.

एवढं करूनही थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर अँजिओग्राफी, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून धमन्यांचं चित्र घेणं. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून औषध सोडून काही मिनिटांत चित्र मिळतं, हाडंही दिसतात आणि धमन्याही. तिची मर्यादाही सांगतो. दातांत धातू भरलेला असेल, आधीच्या ऑपरेशनच्या पट्ट्या असतील, तर चित्रावर चमकदार रेघा उमटतात आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते. बारीक धमनीतली लहान फट तिला चुकू शकते. शंका उरली की मग कॅथेटरनं, म्हणजे बारीक नळी थेट धमनीत घालून, केलेली अँजिओग्राफी.

एक मावशी होत्या, शिरोळकडच्या. मोटारसायकलवर मागं बसलेल्या, गतिरोधकावर उडाल्या आणि हनुवटीवर पडल्या. हनुवटीला टाके पडले, ते छान भरलेही. टाके घालणाऱ्याचं सगळं लक्ष हनुवटीवर होतं आणि ते साहजिक आहे. पण हनुवटीवर बसलेला मार हाडातून वर जातो आणि कानापुढच्या सांध्याखालची जबड्याच्या हाडाची मान तिथं मोडते. हनुवटीवर टाका दिसला की दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला लावायचं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. मोडलेल्या मानेची टोकदार कड आत वळली की तिच्या अगदी शेजारी मॅक्सिलरी धमनी असते.

मावशी आल्या त्या तोंड उघडत नाही आणि गाल मागून सुजलाय म्हणून. दोनदा तोंडात रक्त आलं होतं, हिरड्यांतून असेल म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. सूज खोल होती, बोटाला उडणं जेमतेम जाणवत होतं. स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा ठोक्याच्या तालावर सूं सूं आवाज आला. तो आवाज मी त्यांच्या मुलालाही ऐकवला, कारण पुढचं, म्हणजे मांडीच्या धमनीतून नळी गालापर्यंत नेऊन फट आतून बंद करायची हे, समजावणं त्यामुळे सोपं गेलं.

तरीही त्यानं विचारलंच, "गालातलं रक्त बंद करायला मांडीतनं नळी? आणि मानेतली शीर बांधून टाकली तर चालत न्हाई काय?" प्रश्न अगदी योग्य होता. पूर्वी हेच करत. मानेत बाहेरची कॅरोटिड बांधत. पण चेहऱ्याच्या धमन्या उजव्या-डाव्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की एका बाजूनं बांधलं तरी दुसऱ्या बाजूचं रक्त तिथं पोचतं. शिवाय मुळाशी दार बंद करून टाकलं की नंतर त्याच वाटेनं नळी घेऊन जाण्याचा मार्गही जातो. म्हणून फटीच्या शक्य तेवढं जवळ जाऊन बंद करायचं.

१९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी कॅरोटिडमध्ये औषध सोडून मेंदूच्या धमन्यांची क्ष-किरण चित्रं घेतली. १९५३ मध्ये स्वेन सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी सुईतून तार, तारेवरून नळी ही युक्ती मांडली आणि धमनी उघडी न पाडता शरीरात कुठंही पोचता येऊ लागलं. आजही मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून जाताना तीच पद्धत. मी स्वतः ते करत नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात आणि मी शिशाचा कोट घालून शेजारी उभा असतो. पडद्यावर आधी हाडांचं चित्र घेतात आणि संगणक ते वजा करतो, उरतात फक्त धमन्या, काळ्या. औषध सोडलं की फांद्या भरतात आणि पाठोपाठ पुसल्या जातात. मावशींच्या सांध्यामागे मात्र एक काळा डाग उरला. बाकी सगळं पुसलं गेलं तरी तो तिथंच रेंगाळत होता. तोच तो. त्याच्या पलीकडे आणि अलीकडे प्लॅटिनमच्या बारीक कॉइल सोडल्या. पुन्हा औषध सोडलं, डाग उमटला नाही.

कॉइलशिवाय जिलेटिनचे तुकडे, बारीक कण, गोंदासारखं घट्ट होणारं औषधही वापरतात. कण जितका बारीक, तितका तो लांब जातो, आणि तिथंच धोका. बाहेरच्या आणि आतल्या, मेंदूकडे जाणाऱ्या, कॅरोटिडच्या मधे छुपे रस्ते असतात. एखादा कण त्या वाटेनं डोळ्याच्या धमनीत गेला तर दृष्टी जाते, मेंदूत गेला तर अर्धांग. म्हणून सही घेताना मी हे नातेवाइकांना स्पष्ट सांगतो, आवाज न बदलता, दोनदा. 'योजनेत बसतंय का' हा प्रश्न आला तर त्याचंही उत्तर आधी शोधून देतो, कारण डोक्यात पैशाचा घोर असताना माणसाला बाकीचं ऐकू येत नाही. नाकाच्या छताला रक्त पुरवणाऱ्या इथमॉइडल धमन्या तर डोळ्याच्या धमनीतूनच निघतात. त्यांना अशा कणांनी बंद करायला जात नाहीत, डोळ्याच्या आतल्या कडेनं छेद घेऊन त्या थेट बांधतात.

आतल्या कॅरोटिडबद्दल थोडक्यात, कारण तो प्रांत मेंदूच्या डॉक्टरांचा. पण तिची पहिली खूण अनेकदा माझ्यासमोर येते. ल फोरचे दुसरे-तिसरे प्रकार, जोराच्या धडकेत मोडलेला खालचा जबडा, कवटीच्या तळाची चीर, मानेवर सीटबेल्टचा वळ, असं काही दिसलं की मानेच्या धमन्यांचीही सीटी अँजिओग्राफी करून घ्यावी. आतला थर फाटलेला असला तरी माणूस सुरुवातीला ठणठणीत दिसतो, आणि तासांनी, कधी दिवसांनी, हात लुळा पडतो. वेळेत कळलं तर गुठळी होऊ न देणारी औषधं, अगदी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, अर्धांग टाळू शकतात. अर्थात दुसरीकडे रक्तस्राव चालू नाही ना हे बघून. आणि डोळा लाल होऊन पुढे आला, ठोक्याबरोबर डोक्यात आवाज यायला लागला, तर डोळ्यामागच्या शिरांशी कॅरोटिडची फट जुळली आहे असं समजून धावावं. डोळ्याचे थेंब घालत बसण्यात दिवस जातात ते याच आजारात. डोळ्याची खोबण मोडली आहे, त्या डोळ्याची नजर गेली आहे आणि काही आठवड्यांनी नाकातून भरभरून रक्त आलं, तर ते थांबलं म्हणून घरी थांबू नये. पुढचा स्राव सांगून येत नाही.

इतकं सगळं यंत्रसामग्रीचं असूनही माझा भर पुन्हा तपासण्यावरच आहे. टाके काढायच्या दिवशी माणूस येतो, कारण टाके टोचत असतात. त्यानंतर तो येत नाही. दुखत नाही, मग कशाला यायचं? मागावरच्या कामगाराचा खाडा होतो, ऊसतोडीच्या टोळीतला माणूस तोवर पुढच्या फडावर गेलेला असतो, धारा काढणाऱ्या बाईला सकाळ-संध्याकाळ घर सुटत नाही. त्यांना रागावून उपयोग नाही. म्हणून आमच्या सिस्टर तिसऱ्या आठवड्यात फोन करतात आणि 'बरं आहे का' एवढंच विचारत नाहीत. टेंगूळ परत वाढलं का, बोटाला उडतं का, नाकातून किंवा तोंडातून पुन्हा रक्त आलं का, त्या बाजूनं झोपलं की कानात आवाज येतो का, डोळा लाल झाला का, असं एकेक विचारतात. हेच प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेला कागद घरी जाताना हातात देतो, आणि वाचून दाखवतो, घरातल्या बाईमाणसाला समोर बसवून. कारण असं टेंगूळ पहिल्यांदा लक्षात येतं ते आईच्या नाहीतर बायकोच्याच.

चंदगड, भुदरगडच्या लोकांना एवढ्यासाठी कोल्हापूरला बोलावणं मला पटत नाही. त्यांच्या गावाजवळच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करतो. कुणी एमबीबीएस असतं, कुणी आयुर्वेदाचं, कुणी दातांचं, आणि मन लावून ऐकतात सगळे. सांगायचं एवढंच असतं: अमुक गावचा पेशंट तुमच्याकडे येईल, कानशिलावर, गालावर, कानापुढे बोट ठेवून बघा, एकदा स्टेथोस्कोप लावून ऐका. गाठ उडत असेल तर सुई घालू नका, चिरा देऊ नका, वर हलका दाब देऊन गाडीत बसवा आणि मला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.